‘पॉवरची गोळी’ देऊनही कान वाहतोय? गोळी नव्हे, इलाज बदलायला हवा

पावसाळा लागला की कोयनानगर, हेळवाक, पाटण या पट्ट्यातल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘पोराचा कान परत फुटला.’ मग मेडिकलमधून गोळी किंवा सिरप येते. तीन दिवसांत कान कोरडा वाटतो, औषध बंद होते आणि पंधरा दिवसांनी उशीच्या अभ्र्यावर पुन्हा पिवळा डाग दिसतो. दुसऱ्या खेपेला आपणच सांगतो, ‘जरा पॉवरची द्या.’ तिसऱ्या-चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणतात की आता जंतू औषधाला दाद देत नाहीत. घरातले घाबरतात. अम्मी विचारते, मग आता याहून भारी गोळी कुठली?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या दिशेला नेतो. जुन्या वाहत्या कानाला बहुतेक वेळा भारी गोळी लागत नाही. त्याला दुसऱ्या प्रकारचा इलाज लागतो, आणि तो इलाज बऱ्याचदा गोळीपेक्षा स्वस्त असतो. तो वेळेवर झाला नाही तर मात्र मुलाचे ऐकणे कमी होते, वर्गात मागे बसलेल्या पोराला ‘ढ’ ठरवले जाते, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेतोय.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपण ज्याला सरसकट ‘कान फुटला’ म्हणतो ती एक नव्हे, निदान तीन वेगवेगळी दुखणी असतात. तिघांचे जंतू वेगळे, औषध वेगळे.

पहिले दुखणे लहान मुलांचे. सर्दी होते, नाकाच्या मागून कानाकडे जाणारी बारीक नळी सुजते. मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून ती लवकर बंद पडते. पडद्यामागे पाणी साचते, त्यात जंतू वाढतात, रात्री ठणका लागतो, ताप येतो. कधी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो आणि गंमत म्हणजे तेव्हाच ठणका थांबतो. असे ताजे भोक बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरते. मूल दोन वर्षांच्या वरचे असेल, त्रास बेताचा असेल, कान वाहत नसेल, तर डॉक्टर नुसते पॅरासिटामॉल देऊन दोन-तीन दिवस वाट पाहायला सांगतात. याला हलगर्जीपणा समजू नका. यातली बरीच मुले अँटिबायोटिक न घेता बरी होतात. तान्ह्या बाळाला, जोराचा ताप असलेल्या किंवा कान वाहणाऱ्या मुलाला मात्र औषध लगेच लागते.

ते औषध बहुधा अमॉक्सिसिलिन. जुने, स्वस्त, आणि लोकांना वाटते ‘हलके’. इथेच रेझिस्टन्सचा, म्हणजे जंतू औषधाला न जुमानण्याचा, पहिला धडा आहे. या दुखण्यातला मुख्य जंतू न्युमोकोकस. पेनिसिलिन जातीचे औषध जंतूच्या अंगावर ज्या जागी जाऊन चिकटते ती जागाच त्याने थोडी बदलून टाकली. औषध अगदीच चिकटत नाही असे नाही, पण जास्त लागते. म्हणून डॉक्टर औषध न बदलता डोस वाढवतात, दिवसाला किलोमागे 80 ते 90 मिलिग्रॅम. म्हणजे 12 किलोच्या पोराला दिवसभरात जवळपास 1 ग्रॅम. दुसरा जंतू हिमोफिलस, त्याची चाल वेगळी आहे. तो पेनिसिलिन तोडणारे रसायनच तयार करतो. तिथे नुसता डोस वाढवून भागत नाही, सोबत ते रसायन अडवणारे क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड द्यावे लागते. कोणत्या मुलाला काय द्यायचे, किती द्यायचे, हे डॉक्टर वजन करून ठरवतात.

आता आपल्या घरात काय होते ते बघा. थोरल्याची उरलेली अर्धी बाटली धाकट्याला दिली जाते, चमचा अंदाजाने. पाणी घालून कालवलेले असे सिरप बहुधा आठवडाभरच टिकते, ते महिनाभर फ्रिजवर पडून असते. अर्धा डोस, अर्धे दिवस. यात कमजोर जंतू मरतात आणि चिवट उरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पुरस्कार घेताना नेमका हाच इशारा दिला होता, की औषध कमी मात्रेत घेतले तर जंतू त्याला तोंड द्यायला शिकतील. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना 1954 साली उभा राहिला आणि तिथे पेनिसिलिन बनू लागले. म्हणजे औषध पिंपरीत बनू लागण्याआधीच इशारा येऊन पोचला होता.

या पहिल्या दुखण्यावर एक चांगली गोष्ट फुकटात मिळते, ती म्हणजे न्युमोकोकल लस, पीसीव्ही. 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 पासून देशभर ती सरकारी लसीकरणात आहे. बाळाला दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात असे तीन डोस मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस बनवली आहे. ही लस मुळात न्यूमोनियासाठी, पण कान फुटवणाऱ्या त्याच जंतूला ती अडवते. जो जंतू अंगात शिरलाच नाही त्याच्यावर कुठले औषध चालते हा प्रश्नच उरत नाही. नवव्या महिन्याचा डोस बऱ्याच घरांत राहून जातो. कार्ड काढून बघा.

जुना वाहता कान

दुसरे दुखणे हे खरे चिवट, आणि ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार बहुतेक इथलीच असते. कान दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहत राहिला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे तो जुनाट धरतात. पडद्याचे भोक भरत नाही, त्यातून पाणी-घाण आत जाते आणि पू बाहेर येतो. ठणका नसतो, ताप नसतो, म्हणून घरचे वर्षानुवर्षे चालवून घेतात. ‘याचा कान लहानपणापासून वाहतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! 2004 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात जगभरात असे 6.5 कोटी ते 33 कोटी लोक असल्याचा अंदाज दिला होता, त्यातल्या सुमारे 60 टक्क्यांचे ऐकणे कमी झालेले. हे दुखणे जास्त असणाऱ्या देशांत भारताचे नाव होते.

या कानात जंतू बदललेला असतो. न्युमोकोकस जाऊन बहुधा स्यूडोमोनास किंवा स्टॅफ आलेला असतो. स्यूडोमोनास हा ओलाव्यातला जंतू. नळाच्या तोटीत, बादलीच्या तळाला, मोरीत तो मजेत राहतो. आणि ही गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत हवी: अमॉक्सिसिलिन, क्लॅव्हची गोळी, सेफिक्झिम, अ‍ॅझिथ्रोमायसिन, म्हणजे ज्या गोळ्या आपण एकामागून एक बदलत जातो, त्यातली एकही या जंतूवर मुळातच चालत नाही. तो नंतर बिघडला असे नाही, जन्मतःच तसा आहे. आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंपच त्याच्या अंगात असतात. म्हणजे आपण ‘पॉवर’ वाढवत जातो तेव्हा कानातल्या जंतूला काहीच होत नाही. पोटातले, घशातले बाकीचे जंतू तेवढे त्या औषधांना सरावतात. उद्या त्याच मुलाला न्यूमोनिया झाला किंवा लघवीचे इन्फेक्शन झाले तर तेव्हा हीच औषधे लागू पडायची नाहीत. नुकसान असे दोन्हीकडून.

मग चालते काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही बरोबरच हव्यात: कान कोरडा करणे आणि कानात थेंब टाकणे.

थेंबांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनचे कानाचे थेंब साधारण 0.3 टक्क्यांचे असतात, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 3 मिलिग्रॅम औषध. याच औषधाची 500 मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाने घेतली तर रक्ताच्या 1 मिलिलिटरमध्ये फार तर 2-3 मायक्रोग्रॅम पोचते. दोन्हींत हजारपट फरक आहे. पोटातून, रक्तातून फिरून येणाऱ्या गोळीपेक्षा थेंब जागेवर हजारपट जास्त औषध नेऊन ठेवतात, आणि बाकीच्या अंगाला त्रासही देत नाहीत. जुनाट वाहत्या कानासाठी गोळ्यांपेक्षा अशा थेंबांचा उपयोग जास्त, असे अभ्यासांतही दिसले आहे.

या हिशेबावरून लॅबच्या रिपोर्टचेही कोडे सुटते. कानातल्या पुवाचा स्वॅब घेऊन कल्चर केले की कागदावर औषधांची यादी येते, समोर ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ म्हणजे औषध लागू, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ दिसले की घरात सन्नाटा. पण लॅबने तो ‘आर’ गोळी-इंजेक्शनने रक्तात जेवढे औषध पोचते त्या मापाने लावलेला असतो. थेंबांचे माप त्याहून कितीतरी मोठे. म्हणून ‘आर’ लिहिलेला कानसुद्धा नीट साफ करून थेंब टाकले तर कधी कधी कोरडा होतो. नेहमी नाही, काही जंतू आता खरोखरच फार बळकट झालेत. पण कागद बघून आपल्या मनाने थेंब बंद करू नका, तो कागद घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि थेंब टाकूनही गुण येत नाही याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे ते पोचतच नाहीत. कान पुवाने भरलेला असेल तर वरून टाकलेला थेंब पुवावर तरंगतो आणि बाहेर येतो. शिवाय हे जंतू स्वतःभोवती चिकट बुळबुळीत थर करून बसतात, शेवाळासारखा. त्या थरातून औषध आत जात नाही. तो पुसूनच काढावा लागतो.

घरी करायची पद्धत अशी. स्वच्छ, मऊ सुती कापडाची किंवा चांगल्या टिश्यू पेपरची वात वळा. ती कानात अलगद ठेवा, ओली झाली की काढून टाका, दुसरी घ्या. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचे, दिवसातून निदान तीन वेळा. काडी, पिन, इअरबड काही नको. मग जेव्हा थेंब टाकायचे असतील तेव्हा बाटली मुठीत धरून कोमट करा (गार थेंबाने चक्कर येते), मुलाला कुशीवर झोपवा, सांगितले तेवढे थेंब टाका आणि कानाच्या भोकासमोरचा जो छोटा उंचवटा असतो तो चार-पाच वेळा दाबा. या दाबण्याने थेंब पडद्याच्या भोकातून आत ढकलला जातो. नंतर तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहायचे. हा इलाज साधारण दोन आठवडे चालतो. दोन दिवसांत कान कोरडा दिसला म्हणून सोडायचा नाही.

थेंब कुठले, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचे. जेंटामायसिन, निओमायसिन अशा औषधांचे थेंब पडद्याला भोक असताना आतल्या ऐकण्याच्या भागाला इजा करू शकतात. लसूण तळलेले तेल, कोमट खोबरेल, कुणी सांगितलेला अर्क, हेही भोकातून सरळ आत उतरते. दादी-नानीच्या काळात बाकी काही नव्हते म्हणून तेल होते. उरुसात-बाजारात फिरणाऱ्या कान साफ करणाऱ्याच्या सळईबद्दल तर बोलायलाच नको.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत कान कोरडा झाला नाही तर पुढची पायरी मोठ्या दवाखान्यात. तिथे दुर्बिणीखाली सक्शनने कान आतून साफ करतात, स्वॅब घेतात, थेंब बदलतात. खरोखर कशालाच न जुमानणारा जंतू असेल तर शिरेतून द्यायची इंजेक्शने आहेत, पण ती दवाखान्यात राहून. आणि काही कानांत मुळात जंतू हा मुख्य गुन्हेगारच नसतो. पू थोडा पण वास फार घाण, वर्षानुवर्षे, तर आत कातडी साचत जाऊन हाड खाल्ले जात असते. त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात, गावात ‘हाड सडलंय’ म्हणतात. यावर कुठलीही गोळी नाही, थेंब नाही. ऑपरेशनच लागते, आणि ते टाळण्यात शहाणपण नाही.

थांबू नये अशी लक्षणे

कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, गरगरणे, तापासोबत जोराचे डोके दुखणे, मान ताठ होणे, पोर सुस्त पडणे. यातले काहीही दिसले तर रात्र असली तरी निघा. जंतू हाडातून मेंदूच्या दिशेने सरकलेले असू शकतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी वेगळी सूचना. अब्बांना शुगर आहे, कान फारसा वाहत नाही, पण रात्री झोप उडवणारा ठणका लागतो, साध्या गोळीने हटत नाही. मधुमेहात स्यूडोमोनास कानाच्या नळीतून कवटीच्या हाडात शिरतो. याचा इलाज निदान सहा आठवडे चालतो आणि पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवर भागायचे तिथे आता बऱ्याच रुग्णांत ती चालेनाशी झाली आहे. म्हणून इथे स्वॅब आधी, अँटिबायोटिक नंतर. शुगर आटोक्यात आणणे हाही इलाजाचाच भाग.

तिसरे दुखणे खास आपल्या भागाचे म्हणता येईल. कोयनानगरला वर्षाला 4 ते 5 हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, तशी ती कानातही येते. कान दुखण्यापेक्षा खाजतो, गच्च वाटतो, आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखे पांढरे-काळे काहीतरी दिसते. यावर अँटिबायोटिक म्हणजे आगीत तेल, कारण बुरशीला अडवणारे चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. महिनोन् महिने अँटिबायोटिक थेंब टाकणाऱ्यांच्या कानात ती अशीच वाढते. मेडिकलमध्ये मिळणारी ‘सगळ्यावर चालणारी’ चार औषधांची बाटली आपल्या मनाने टाकू नये, ती यासाठीच. कान साफ करून बुरशीचे थेंब टाकले की बहुतेक वेळा भागते. पुन्हा पिंपरीचीच आठवण निघते: बुरशीवरचे हॅमायसिन नावाचे औषध तिथेच सापडले, ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. कानाच्या बुरशीवर ते वापरले गेले आहे.

वुजू, गुस्ल आणि रोजा

वाचक हे विचारतात म्हणून लिहितो. वुजूत कानाचा मसाह ओल्या बोटाने होतो, त्याने पाणी आत जात नाही, काळजी नको. गुस्लच्या वेळी आणि साध्या अंघोळीलाही पडद्याला भोक असलेल्या कानात व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा ठेवा, नंतर काढून टाका. नदीत, धरणाच्या पाण्यात डुबकी कान कोरडा होईपर्यंत बंद.

रोज्यात थेंब टाकावेत का? जुन्या किताबांत कानात औषध टाकल्याने रोजा तुटतो असे मत आढळते. 1997 साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने मात्र कानाचे थेंब रोजा तोडत नाहीत असे ठरवले, घशात उतरलेले गिळले नाही या अटीवर. वैद्यकीय बाजू अशी की पडदा शाबूत असेल तर थेंब घशापर्यंत जात नाही, भोक असेल तर जाऊ शकतो, कडू चव लागते. आपला कान कसा आहे हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि ते सांगून आपल्या इमाम साहेबांना विचारा. बऱ्याचदा वाद घालायची गरजच पडत नाही, कारण हे थेंब अनेकदा दिवसातून दोनदाच असतात. एक वेळ सेहरी संपण्याआधी, एक इफ्तारनंतर, असे डॉक्टरांना विचारून बसवता येते. रोजा आहे म्हणून इलाज मध्येच तोडणे तेवढे करू नका.

जायचे कुठे? कोयनानगरहून पाटणला ग्रामीण रुग्णालय, पुढे कराडला उपजिल्हा रुग्णालय आणि कृष्णा रुग्णालय, त्याहून पुढे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पडदा शिवण्याचे किंवा हाडाचे ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते त्या दवाखान्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड सोबत ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या आतापर्यंतच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटेही न्या. आधी काय काय देऊन झालेय हे त्यांना कळले तर तीच गोळी पुन्हा पदरात पडत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स मार्च 2014 पासून ‘शेड्यूल एच-1’ मध्ये आहेत, ती विकताना मेडिकलवाल्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहावे लागते. त्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नका, तो बरोबर करतोय.

अंगणवाडी आणि सरकारी-अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्यांच्या तपासणीच्या यादीत वाहता कान आहे, आणि सापडलेल्या मुलाला पुढचा इलाज मोफत मिळण्याची सोय आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. जी मुले फक्त मदरशात राहून शिकतात ती या फेरीत सुटतात. मशीद-मदरशाच्या जिम्मेदारांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ज देऊन पथकाला किंवा तिथल्या डॉक्टरांना एक दिवस बोलावता येते का ते विचारावे. जूनच्या आधी झाले तर बरे, कारण भोक असलेला कान पावसाच्या आत कोरडा झालेला असला पाहिजे.